जरा पडू दे मला

आमच्या तालमीत पडलेल्याला पडू देत नसत. लाल मातीच्या हौद्यात कुणी जोरात आपटला, दम कोंडला, डोळ्यांपुढं अंधारी आली, की दोघं जण धावायचे, बगलेत हात घालायचे आणि त्याला उभा करायचे. उभा राहत नसेल तर धरून चालवायचे. तोंडावर पाण्याचा हबका, पाठीवर दोन थापा, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "ऊठ, आंग धरंल." पडून राहिलं की अंग आखडतं आणि माणूस मनानंही खचतो, अशी समजूत होती. ही शिकवण देणारे वस्ताद म्हणजे आमचे आबा, माझे वडील.

आबा गूळ मार्केटात एका अडत्याकडे कामाला होते, पण गल्लीत त्यांची ओळख तालमीची. पहाटे आणि संध्याकाळी ते हौद्याच्या काठावर बसलेले असत. कुणाचा खांदा निखळला, पाय मुरगळला, मान धरली, तर लोक दवाखान्याआधी आमच्या दारात येत. आबा तेल लावता लावता त्याच्या म्हशीची चौकशी करायचे आणि बोलण्याच्या नादात असा एक झटका द्यायचे, की माणूस आधी ओरडायचा आणि मग हसायचा. आई म्हणायची, ह्यांनी घरात कधी खिळा ठोकला नाही, पण गावाची हाडं बसवतात.

मुलींना तालमीत जायची सोय नव्हती. मी खिडकीच्या गजांना धरून बघत असे. माझा धाकटा भाऊ मात्र चालायला लागल्यापासून त्या लाल मातीत लोळलेला. त्याचा एक जोडीदार होता, पलीकडच्या गल्लीतला, त्याच्याच वयाचा. दोघं एकमेकांशीच लढत, एकमेकांचाच डबा खात आणि एकाला मार बसला की दुसरा आपोआप रडत असे. तो मला आक्का म्हणायचा, भावापेक्षा जास्त वेळा म्हणायचा, कारण त्याला घरी बहीण नव्हती. मी त्या दोघांना वाघ्या-मुरळीची जोडी म्हणून चिडवायची. दोघांनाही राग यायचा, आणि तोही एकदमच.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा ही दोघं कॉलेजात होती आणि कुस्तीइतकंच डोंगराचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. तयारी म्हणाल तर पाठीला दप्तर, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत चटणी-भाकरी आणि एखादी बॅटरी. औषधाची पेटी वगैरे त्यांच्या गावीही नव्हती. खरचटलं तर हळद, मुरगळलं तर आबा. मी तेव्हा नुकतीच शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते आणि मलाही यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. सगळं गाव असंच हिंडत होतं.

त्या पावसाळ्यात ती दोघं चंदगडाकडच्या एका किल्ल्यावर गेली. बरोबर तालमीतली आणखी पाच-सहा पोरं, पहाटेच्या एसटीनं. चंदगडचा पाऊस म्हणजे आपल्याकडचा पाऊस नव्हे, तिथं दगडाला दगड दिसत नाही, सगळं हिरवं शेवाळ. बुरुजावरून उतरताना भावाचा पाय सटकला आणि तो दोन पुरुष उंचीवरून खाली, पाठीवर, कातळावर पडला. जोडीदार त्याच्या पुढंच उतरत होता. तो एका उडीत त्याच्याजवळ पोचला आणि तालमीत ते जे आयुष्यभर करत आले होते तेच त्यानं केलं. बगलेत हात घातला आणि भावाला उभा केला.

पुढचं मला त्या पोरांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता, कारण त्यांनी खरोखरच शर्थ केली होती. भाऊ उभा राहीना. त्यांनी त्याचे दोन्ही हात गळ्यात घेऊन त्याला चालवायचा प्रयत्न केला, पाय फरफटत आले. मग जोडीदारानं त्याला पाठुंगळी घेतलं आणि सगळा डोंगर, त्या चिखलातून, दुसऱ्या कुणाच्या पाठीवर न देता एकट्यानं उतरवला. खाली सीटा भरून नेणारी वडापची जीप मिळाली. मागच्या बाकड्यावर दोघांच्या मधे भावाला बसवलं. आजऱ्यात जीपवाल्यानं विचारलं, हितं दाखवूया काय दवाखान्यात? सगळे एका आवाजात नको म्हणाले. वस्ताद बघतील म्हणाले.

म्हणजे त्यांनी त्याला आधी घरी आणलं. दुपार टळून गेली होती. मी शाळेतून आले तर दारात ही गर्दी, आणि भाऊ भिंतीला टेकवून बसवलेला, चेहरा पांढरा, तरी मला बघून हसायचा प्रयत्न करत होता. आबा तेलाची वाटी घेऊन आले. त्यांनी त्याच्या पायाला हात लावला, मग अंगठा दाबला, मग नखात नख रुतवलं. भाऊ दाराकडं बघत होता. त्याला कळलंच नव्हतं की कुणी त्याच्या पायाला हात लावला आहे. आबांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "गाडी बघा." एवढंच म्हणाले, पण आबांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, पडल्यावर इथवर कसा आणला. पोरांनी सगळं सांगितलं. उभा केला, चालवला, पाठुंगळी घेतला, बसवून आणला. डॉक्टरचं लिहिणं मधेच थांबलं. त्यानं पोरांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग त्यानं भावाला विचारलं, पडल्या पडल्या पाय हलत होते का? भाऊ पटकन म्हणाला, "न्हाय. तवाच गेलतं."

नंतर डॉक्टरनं आबांना आणि मला बाहेर बोलावून समजावलं. उंचावरून पाठीवर पडलेल्या माणसाला हलवायचं नसतं. मणका मोडलेला असेल आणि आतली शीर शाबूत असेल, तर उठवण्यानंच ती दुखावू शकते. आबांनी विचारलं, उभं केल्यानं झालं काय? डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, सांगता येत नाही, तुमचा मुलगा म्हणतो तेव्हाच गेले होते, मग पडण्यानंच झालं असेल. आबांनी मान हलवली. वऱ्हांड्यात जोडीदार ओल्या कपड्यांनिशी भिंतीला टेकून उभा होता. आबा त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी जाऊन कपडे बदलायला सांगितलं. पोरांपुढं यातलं काही बोलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं.

आबा त्यानंतर तालमीत गेले नाहीत. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायचे. त्याच गुडघ्यांनी ते रोज गूळ मार्केटापर्यंत चालत जात होते, पण तालमीच्या पायरीवर त्यांचे गुडघे दुखत.

घर एका खाटेभोवती फिरायला लागलं. कूस बदलायची, पाठ बघायची, कुठं लाल झालंय का, कुठं कातडी सुटतेय का. लघवीची पिशवी. पावडर. भेटायला येणारा प्रत्येक माणूस अर्धा डॉक्टर होता. एकानं कसलीशी चरबी आणली, एकानं कबनूरचा पत्ता दिला, तिथला कुणी माणूस नुसत्या फुंकरीनं माणसं चालवतो म्हणे. मी तोंडाची फटकळ. त्या पाहुण्याला म्हणाले, त्यालाच घेऊन या चालवत. आईला वाईट वाटलं आणि तिनं पाहुण्याला चहा दोनदा दिला.

जोडीदार रोज सकाळी यायचा. कॉलेज सुटलं, त्यानं शाहूपुरीत एका गॅरेजात काम धरलं, तरी कामावर जायच्या आधी येणं चुकलं नाही. भावाला उचलून मोरीत न्यायचा, अंघोळ घालायचा, दाढी करायचा, परत आणून दारापाशी खुर्चीत बसवायचा. मला किंवा आईला एवढं वजन झेपलं नसतं आणि आबांचं वय झालं होतं. भाऊ त्याला म्हणायचा, "लिफ्ट आज उशिरा आली." तो म्हणायचा, "लाईट गेलती." हे रोजचं होतं, आणि दोघं रोज नव्यानं हसायचे.

एका रविवारी दुपारी मी भावाच्या पायाची नखं काढत होते. पाय मेले तरी नखं वाढतात, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटायचं. आई शेजारी गेली होती, आबा झोपले होते. भाऊ आपल्या पायांकडं बघत होता. मग म्हणाला, "आक्का, ही बोटं त्या दिवशी हलत हुती."

मी नेलकटर खाली ठेवला. त्यानं सांगितलं, पडल्यावर पहिल्यांदा त्यानं बुटातल्या बुटात पायाची बोटं हलवून बघितली होती. दोन्ही पायांची. बूट भिजलेले होते, आतलं पाणी पचपचलं तेही त्याला कळलं होतं. त्याला वाटलं, वाचलो. पाठीत कळ एवढी होती की श्वास घेववत नव्हता, म्हणून तो म्हणाला, जरा पडू दे मला. तेवढ्यात जोडीदारानं बगलेत हात घातलेच होते. ऊठ, आंग धरंल. आणि उभा राहता राहता, विजेची उडते तशी, कमरेखालची डीपी उडाली. हे त्याचेच शब्द. डीपी उडाली असं म्हणून तो हसलासुद्धा.

मी विचारलं, मग डॉक्टरला खोटं का सांगितलंस. तो म्हणाला, "त्यो मागं उभा हुता की." नंतर माझा हात धरून म्हणाला, "त्येला सांगू नगंस. माझं पाय आता काय येत न्हाईत. त्येला तर जगायचं हाय." मला शपथ घालायची त्याची पद्धत लहानपणापासून एकच होती, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायचा. तसा ठेवला.

मी शपथ पाळली, पण मन काही शपथेनं बांधलं जात नाही. पुढचे कितीतरी महिने मला त्या जोडीदाराचा राग यायचा. तो सकाळी आला की मी भांडी आपटायची. चहा मुद्दाम फिका करायची. त्याला वाटायचं, आक्काला शाळेची घाई असते. एकदा तो मोरीत भावाचं डोकं धूत होता, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यानं कपाळावर आडवा हात धरला होता, तान्ह्या मुलाला धरतात तसा, आणि मी ते दारातून बघितलं. राग गेला असं म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून चहात साखर पडायला लागली.

जोडीदाराचं लग्न झालं तेव्हा भाऊ खुर्चीत बसून वरातीत होता आणि बँडवाल्यांना गाणी सांगत होता. पुढं मुलगी झाली. तिला तो रोज सकाळी खांद्यावर आणायचा आणि भावाच्या खाटेवर सोडायचा. तिला भावाचे ते पाय फार आवडायचे, कारण कितीही ओढले, गुदगुल्या केल्या, तरी ते गप्प पडून राहत. ती त्यांच्यावर बसून घोडा घोडा खेळायची.

ती नीट बोलायला लागायच्या आत भाऊ गेला. पाठीची जखम चिघळली, मग मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचला, ताप उतरेना. शेवटच्या दिवसांत तो मला काही सांगेल असं वाटत होतं. त्यानं फक्त एकदा माझा हात उचलून डोक्यावर ठेवला. मला कळलं आणि मी हो म्हणाले. त्याला खांदा देणाऱ्यांत जोडीदार पुढं होता आणि घाटापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही. त्यानंतरही किती तरी सकाळी तो त्याच वेळेला आमच्या दारात यायचा, उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि कामावर जायचा. त्याच्या हातांना त्या वेळेला काय करायचं ते कळत नसावं. आम्हालाही कळत नव्हतं.

पुढं शाळेनं काही शिक्षकांना प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मी स्वतःहून नाव दिलं. रक्त वाहत असेल तर काय, भाजलं तर काय, हे सगळं मी वर्गातल्या हुशार मुलीसारखी शिकले. पाठीच्या कण्याचा धडा आला तेव्हा शिकवणाऱ्यांनी एकाला सतरंजीवर झोपवलं आणि दाखवलं. डोक्याशी गुडघे टेकायचे, दोन्ही तळव्यांनी डोकं दोन्ही बाजूंनी धरायचं, नाक आणि बेंबी एका रेषेत, आणि हलू द्यायचं नाही. इतकं सोपं होतं. याला ना औषध लागत होतं, ना पैसा, ना ताकद. दोन हात आणि गप्प बसणं. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ धूत राहिले.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. जोडीदार आता आमच्या तरुण मंडळाचा कर्ता माणूस झाला होता. दर पावसाळ्यात तो गल्लीतल्या पोरापोरींना पन्हाळ्याच्या बाजूला डोंगर चालायला न्यायचा. मला त्याचं नेहमी नवल वाटायचं, ज्याला डोंगरानं एवढं दुःख दिलं तो परत डोंगरावर जातो कसा. आदल्या वर्षी घसरून एका पोराचा हात मोडला होता, त्यामुळं आईबाप धास्तावले होते. यंदा त्याची स्वतःची मुलगी जायची होती, सहावीतली. तो माझ्याकडं आला. "आक्का, पोरास्नी जरा काय कुठं लागलं तर काय करायचं ते सांग की. तू शिकल्याईस." मी बघते म्हणाले.

विंचू, साप, जळवा, रक्त, सगळं सांगता आलं असतं. पण डोंगरावर जाणाऱ्या पोरांना पडलेल्या माणसाचं सांगायचं नाही, तर मग सांगायचं तरी काय? आणि ते सांगायचं तर समोर तो बसलेला असणार. बोटांचं मी कधीच बोलणार नव्हते, पण नियम ऐकून त्याला हिशेब लागायला किती वेळ लागणार होता. तो काही खुळा नव्हता. भावानं माझा हात डोक्यावर ठेवून जे मागितलं होतं, ते मी भर तालमीत, खडूफळ्यानिशी मोडणार होते.

मी आबांपाशी गेले. ते आता खूप थकले होते, उंबऱ्यावर बसून असत. बोटांची गोष्ट त्यांनाही मी सांगितलेली नव्हती. तेवढी वगळून अडचण सांगितली, की हा धडा शिकवला तर त्याच्या मनाला लागेल. आबा म्हणाले, "त्येला दुखंल म्हणून पोरास्नी शिकवायचं न्हाय? उद्या पडलं एखादं तर त्योच धावंल उचलायला, ठावं हाय न्हवं तुला." मग म्हणाले, "मीबी येतो."

वर्ग तालमीतच होता. हौद्याशेजारच्या फरशीवर सतरंज्या घातल्या होत्या, पंचवीस-तीस पोरं-पोरी दाटीवाटीनं बसली होती. आता मुलींना तालमीत यायला कुणी अडवत नव्हतं आणि मी पहिल्यांदाच खिडकीच्या आतल्या बाजूला उभी होते. आबा काठी टेकत आले. दारातच त्यांनी वाकून माती कपाळाला लावली आणि भिंतीशी बसले. जुनी पोरं, आता बाप्ये झालेली, एकमेकांकडं बघायला लागली. जोडीदार उठून त्यांच्या पाया पडला आणि मागं जाऊन उभा राहिला.

मी सुरुवात केली. जळू लागली तर हिसकायची नाही, नखानं बाजूनं सोडवायची, आणि किंचाळून शेजारच्याला दरीत ढकलायचं नाही. पोरं हसली. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही. तो हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा आणि माणसाला न पळवता दवाखाना गाठायचा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. एका पोरानं विचारलं, कांदा हुंगवायचा काय? मी म्हणाले, कांदा भाकरीबरोबर खा. असं सगळं हसतखेळत चाललं होतं आणि मी तो धडा पुढं पुढं ढकलत होते.

मग आबांनी काठी फरशीवर आपटली. "पडलेल्याचं सांग," म्हणाले.

मी विचारलं, आडवं कोण पडणार? जोडीदाराची मुलगी सगळ्यांच्या आधी पुढं आली, चपला काढल्या आणि पाठीवर झोपली. डोकं धरायला मोठा माणूस हवा होता. मी कुणाला हाक मारायच्या आत तो मागून आला आणि तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. आपली मुलगी म्हणून आला असेल. मी त्याला हात कसे धरायचे ते दाखवलं. गॅरेजात काम करून त्याचे तळवे काळे पडले होते. त्यानं तिचं डोकं दोन्ही बाजूंनी धरलं.

मी सांगत गेले. उंचावरून पडलेल्याला, पाठीला, मानेला लागलेल्याला हलवायचं नाही. बसवायचं नाही, उभा करायचा नाही, पाठुंगळी घ्यायचा नाही. एकानं डोकं धरायचं, एकानं वर काहीतरी पांघरायचं, दोघांनी मदत आणायला पळायचं. ज्यानं डोकं धरलंय त्यानं सोडायचं नाही. हात भरून आले तरी नाही. मदत आली आणि दुसऱ्यानं हात लावून "मी धरलंय" म्हटलं, की मगच सोडायचं. आणि पडलेल्याशी बोलत राहायचं, हातापायाची बोटं हलतात का विचारायचं.

"बोटं हलव," मी मुलीला म्हणाले. तिनं दोन्ही पायांची दहाही बोटं नाचवली. पोरं हसली. मग मी म्हणाले, बोटं हलताहेत म्हणजे काही झालं नाही असं समजून उठवायचं नाही. हलताहेत म्हणूनच उठवायचं नाही.

आबा भिंतीशी बसल्या बसल्या बोलले. सगळ्यांकडं बघून, पण आवाज जुन्या पोरांसाठी होता. "पडल्याला उठवा म्हणून मी शिकवलं हुतं. ते चुकीचं हुतं. माझी चूक ती. दुसऱ्या कुणाची न्हाय."

जोडीदारानं मान वर केली नाही. मुलीच्या कपाळाकडं बघत त्यानं मला विचारलं, "आक्का, पडलेला म्हणाला, जरा पडू दे मला, तर?"

त्याला सगळं आठवत होतं. इतकी वर्षं ते वाक्य त्याच्याजवळ होतं आणि त्याचा अर्थ त्याला आत्ता लागला होता. भावाच्या डोक्यावर ठेवलेला माझा हात माझ्या डोळ्यांपुढं आला. बोटांचं मी त्याला सांगितलं नाही. पण विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं समोरच्या पोरांमुळं शक्य नव्हतं.

"तर पडू द्यायचं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मी उरलेलं कसंबसं संपवलं, औषधाच्या पेटीत काय काय घ्यायचं ते सांगितलं, पोरं उठली, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या. तो तसाच बसून होता. मुलगी म्हणाली, पप्पा, सोडा की आता. मीही म्हणाले, झालं रे, सोड. त्याच्या हातांना घाम आला होता, दंड भरून आले होते, पण तिचं डोकं जराही हललं नव्हतं.

"कोण आलं न्हाय अजून," तो म्हणाला.

पोरं पुन्हा हसायला लागली आणि मग त्याचा चेहरा बघून थांबली. आबा भिंतीला धरून उठले. काठी तिथंच टाकून ते दोन पावलं चालले आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसले. त्यांना बसायला वेळ लागला. त्यांनी आपले सुरकुतलेले हात त्याच्या हातांवर ठेवले, मग हळूच त्याच्या बोटांखालून आत सरकवले आणि पोरीचं डोकं धरलं.

"मी धरलंय," आबा म्हणाले. "सोड तू आता."